नाही म्हणणारा गाईड

"काय वो, कशी झाली मग ट्रिप? अख्खी कॉलनी म्हणून राहिली, गाईड मोठा भांडखोर निघाला म्हणे."

"भांडखोर नाही वहिनी. भांडायला आवाज चढवावा लागतो. हा हसत हसत नाही म्हणायचा. सकाळी जटपुरा गेटवर गाडीत बसलो तेव्हापासून रात्री उतरेपर्यंत. या इकडे भिंतीजवळ. काकांनाही ऐकू गेलं पाहिजे, त्यांचेच नागपूरचे मेहुणे होते सोबत. निम्मी गंमत त्यांच्यामुळे."

पलीकडच्या व्हरांड्यातून काका बोलले, "मी ऐकूनच राहिलो. पेपर नुसता धरलाय समोर."

"आधी रस्ता सांगा," वहिनी म्हणाल्या. "आमची पुण्याची नणंद येऊन राहिली पुढच्या आठवड्यात, नवरा-पोरासकट. तिला ताडोबा पाहिजे."

"आता कुठचा ताडोबा? कोअर 1 जुलैपासून 30 सप्टेंबरपर्यंत बंद. बफरचे गेट असतात सुरू, पण या पावसात वाघ दिसला तर दिसला. आमचा रस्ता वेगळाच होता. चंद्रपूरहून चिचपल्ली, मूल, तिथून सोमनाथ. मग हरणघाटच्या पुलावरून वैनगंगा ओलांडली की चामोर्शी अन् मार्कंडा. तिथून खाली आष्टी, चपराळा, संगम. येताना गोंडपिपरी, कोठारी, बल्लारपूर करत घरी. एक गोल झाला बघा. धबधबा, देवळं, नदीचा देखावा, सगळं एका दिवसात."

"अन् गाईड कुठचा?"

"मूलकडचाच पोट्टा. एरवी जंगलात गाईड म्हणून जातो, कोअर बंद असली की अशा ट्रिपा काढतो. पहिली गंमत जटपुऱ्यालाच. सगळे बसले, डबे वर ठेवले, अन् हा ड्रायव्हरला म्हणतो, थांब. मोबाइल काढून बघत बसला. मेहुण्यांनी विचारलं, काय बघतो रे? म्हणे, गोसीखुर्दचे किती दरवाजे उघडले ते. मेहुणे हसले. गोसीखुर्द भंडारा जिल्ह्यात, आपण चाललो मूलला, तुझा काय संबंध? तो म्हणाला, 'साहेब, ते पाणी मग जाते कुठं?'"

काकांनी पेपर खाली ठेवला. "बरोबर बोलला तो. तेहतीस दरवाजे आहेत त्या धरणाला. वैनगंगा तिथून पवनी, वडसा करत खाली मार्कंड्याला येते. आज वर सोडलेलं पाणी इथे यायला वेळ लागतो. म्हणजे जाताना पूल मोकळा, अन् येताना पोलीस उभे."

"तेच सांगितलं त्यानं. विसर्ग वाढला असता तर म्हणे मी मार्कंड्याचं नावच घेतलं नसतं, तुम्हाला तिकडे मुक्ताईला नेलं असतं, डोम्याला, चिमूर तालुक्यात. म्हणजे ट्रिप ठरते धरणावर, आपल्या हौसेवर नाही."

"पुढे सांगा नं."

"चिचपल्लीच्या पुढे जंगल कसं झालंय वहिनी, नुसतं हिरवंगार. रस्त्याच्या कडेला बाया बसल्या होत्या पानावर सात्या मांडून, कोणाजवळ वास्ते, कोणाजवळ काटवल. आपल्या मागच्या गल्लीतल्या काकू म्हणाल्या, विकत कशाला, थांबव रे गाडी, पाच मिनिटांत आतून वेचून आणते, माझं माहेर सिंदेवाहीचं. पोट्टा दारात आडवा. नाही म्हणे काकू, इथूनच घ्या. काकूंना राग आला. तेव्हा त्यानं समजावून सांगितलं. माणूस उभा चालत असला तर वाघ बहुतेक वेळा वाट सोडतो. पण सात्या, वास्ते, मोहफुलं वेचणारा माणूस वाकलेला असतो, बसलेला असतो, खाली बघत असतो. बांबूच्या बनात वाघाला तो माणूस म्हणून दिसतच नाही, जनावर दिसतं. या मूल, सावली, सिंदेवाहीच्या पट्ट्यात माणसं मेली ती बरीचशी अशीच, पोटापाण्यासाठी वाकलेली. तो म्हणाला, 'या बाया रोज जीव मुठीत धरून आत जातात, त्यायच्या हातचं घ्या, घासाघीस करू नका.' काकूंनी मग गुपचूप दोन वाटे घेतले. एक मला दिला."

"अन् सोमनाथचा धबधबा? मोठा आहे का?"

"मोठा नाही हो. चित्रकूट-बित्रकूट डोक्यात घेऊन जाल तर फसाल. डोंगरातून पाणी येतं, दगडांवरून पडतं, शेजारी महादेवाचं देऊळ. पण जागा अशी की उठावंसं वाटत नाही. जाताना मारोडा लागलं. तिथे त्यानं गाडी हळू केली. दादासाहेब कन्नमवारांचं जन्मगाव."

"मारोतराव कन्नमवार," काका म्हणाले. "राज्याचे दुसरे मुख्यमंत्री. 1962 च्या नोव्हेंबरात यशवंतराव दिल्लीला गेले, चीनच्या लढाईपायी, संरक्षणमंत्री म्हणून. तेव्हा हे बसले खुर्चीवर. वर्षभरानं, 1963 च्या नोव्हेंबरातच, पदावर असताना गेले. घरची गरिबी. लहानपणी पेपर विकत होते."

"हो, पेपर विकायचे ते सांगितलं त्यानं. अन् तिथेच आमट्यांचा सोमनाथ प्रकल्प. आनंदवनातून बरे झालेले कुष्ठरोगी 1967 पासून ती जमीन कसून राहिले. धानाच्या बांध्या, तळी, सगळं त्यांनी घामातून उभं केलं. मे महिन्यात तिथे तरुण पोरांची श्रमसंस्कार छावणी भरते. आमच्या मिस्टरांचे मित्र गेले होते कॉलेजात असताना, अजून सांगतात."

"मग देवळात थांबले असाल निवांत."

"निवांत कसलं! तिथंच खरी मजा. गाडीतून उतरायच्या आधी पोट्टा विचारतो, पोहता कोणाला येतं? मेहुण्यांचे दोन पुतणे होते, त्यांनी लगेच हात वर केले. एक तर म्हणे कॉलेजात बक्षीस घेतलेला. आम्हाला वाटलं, आता यांना पाण्यात सोडेल. तर हा म्हणतो, 'मग तुमी दोघं माझ्याजवळ. दिवसभर पुढच्या सीटवर बसा, अन् पाण्याजवळ माझ्याबरोबरच जा.' पोरं चिडली. तेव्हा तो काय म्हणाला ऐका. 'ज्याले पोहता येत नाही तो काठावरच उभा राहते. उतरते तो येणाराच. वरून पाणी एकदम वाढलं तर दगडावर शेवाळ, तिथं तुमचं बक्षीस कामाचं नाही.' पाय बुडवा, तोंड धुवा, देवाचं दर्शन घ्या, पण धबधब्याच्या वरच्या दगडांवर जायचं नाही. सेल्फीलासुद्धा नाही."

वहिनी हसल्या. "पुढच्या सीटवर, म्हणजे शाळेतल्यासारखं."

"अगदी. मग हरणघाटच्या पुलाआधी पुन्हा गाडी थांबली. हा खाली उतरला अन् हळूच मेहुण्यांना म्हणाला, साहेब, बॅगेत काही असेल तर ते इकडेच राहू द्या."

काका एकदम ताठ बसले. "काय होतं बॅगेत?"

"ते तुम्हीच विचारा त्यांना. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. ते म्हणाले, चंद्रपूरची तर उठली नं? हो, आपली 2015 ला लागली अन् 2021 ला उठली. पण पूल ओलांडला की कायदा वेगळा. मग ती पिशवी गाईडच्या ओळखीच्या एका पानठेल्यावर ठेवावी लागली. खर्ऱ्याची पुडीसुद्धा घेऊन ठेवली त्यानं, देवळात थुंकाल म्हणे."

"म्हणून घरी आल्यापासून गप्प आहे तो," काका पुटपुटले. "मला सांगितलं, गाईड अडाणी होता."

"अडाणी? मार्कंड्याला त्याचं ऐकायला हवं होतं तुम्ही. वैनगंगा तिथे वळून उत्तरेकडे वाहते, म्हणून ती जागा काशीसारखी मानतात. महाशिवरात्रीला केवढी जत्रा भरते, तुम्हाला माहीतच आहे. आम्ही गेलो तेव्हा मात्र शांत. नदी भरलेली, अन् काठावर ते सगळं कोरीव काम. हत्ती, अप्सरा, देव, एक दगड सुना सोडलेला नाही. मुख्य देवळाच्या डागडुजीपायी उतरवलेले दगड आवारात मांडलेले. मेहुण्यांनी विचारलं, हे एका रात्रीत बांधलं म्हणतात ते खरं का? पोट्टा म्हणाला, 'लोकं तसं सांगतात. पुस्तकवाले म्हणतात, हजारेक वर्षांचं असन अन् बरेच वर्षं बांधत राहिले असन. रात्रीची गोष्ट मले आजीनं सांगितली, म्हणून मी तेही सांगतो. नेमकं कोण्या राजानं बांधलं, ते मले माहीत नाही.'"

"माहीत नाही म्हणाला?" वहिनींना आश्चर्य वाटलं. "गाईड असून?"

"तेच तर मला आवडलं. नाहीतर हे गाईड लोक, एक दगड दाखवला की राजाचं नाव, राणीचं नाव, तिच्या दासीचं नाव, सगळं तोंडपाठ. याला विचारलं की त्या मूर्तीच्या हातात काय, तर म्हणे झिजलंय, सांगता येत नाही."

काकांनी चष्मा काढला. याचा अर्थ ते आता पाच मिनिटं बोलणार. "अलेक्झांडर कनिंगहॅम. पुरातत्त्व खात्याचा पहिला प्रमुख. तो 1873-74 च्या मोसमात मध्य प्रांतात फिरला, तेव्हा मार्कंड्याची नोंद करून गेला. एका आवारात वीसेक देवळं मोजली त्यानं. त्याच्या कितीतरी आधी वीज पडून मुख्य देवळाचं शिखर कोसळलं होतं. त्यालाही सगळ्याचा कर्ता सापडला नाही. तेव्हा तुमच्या गाईडनं माहीत नाही म्हटलं, यात त्याचं शिक्षण दिसतं."

"पाहा! काकांनी सर्टिफिकेट दिलं."

"पण एक सांगा," वहिनींनी आवाज खाली आणला, "आमची नणंद गडचिरोली म्हटलं की घाबरते. तिथं काय काय चालतं म्हणे, टीव्हीवर दाखवतात."

"मीही तेच मनात धरून गेले होते. चामोर्शी ते आष्टी, भीती वाटली ती एकाच गोष्टीची, सुरजागडच्या लोखंडाच्या ट्रकांची. एकामागे एक. रस्त्याची काय दशा केलीय! बाकी धानाची रोवणी आटोपत आलेली, बाया बांध्यांमध्ये, पोरं शाळेतून सायकलवर. आपल्या मूलपेक्षा वेगळं काही नाही."

"वेगळं कसं असेल?" काका म्हणाले. "26 ऑगस्ट 1982 पर्यंत ते आपलंच होतं. सगळा मिळून चांदा जिल्हा, पार सिरोंच्यापर्यंत. मी नोकरीला लागलो तेव्हा सिरोंच्याची बदली म्हणजे शिक्षा. नदीपलीकडे तेलुगू, दवाखाना कुठे, एसटी कुठे. माणूस जायच्या आधी घरी रडारड."

"संगमही त्याच वाटेवर नं?"

"आष्टीहून चपराळ्याला. अभयारण्य आहे ते, 1986 पासून. आत हनुमानाचं देऊळ, प्रशांतधाम म्हणतात. अन् तिथून जवळच दोन्ही नद्या. वहिनी, आपण आयुष्यभर वर्धा बल्लारपूरला पाहतो, अन् वैनगंगा पाहायला ब्रह्मपुरीकडे जातो. त्या दोघी एकमेकींना भेटतात हे शाळेत पाठ केलं होतं, पण पाहिलं नव्हतं. एक निघते मुलताईजवळून, दुसरी शिवनी जिल्ह्यातून. दोघींचं माहेर मध्य प्रदेशात. पूर्ण विदर्भ फिरून इथे एक होतात, अन् नावही बदलतं. पुढे प्राणहिता. ती मग तेलंगणाची हद्द धरून सिरोंच्याला गोदावरीत जाते."

"2022 मध्ये तिचाच पुष्कर झाला," काकांनी जोडलं. "बारा वर्षांनी येतो. एप्रिलातल्या उन्हात किती लोक सिरोंच्याला गेले होते."

"पण या पावसाळ्यात पाणी कसं असेल विचार करा. पलीकडचा काठ पुसट दिसतो. काठाला एक डोंगा बांधलेला होता, मासेमाराचा. मेहुण्यांनी लगेच भाव केला, संगमापर्यंत नेऊन आण म्हणाले. तो मासेमार तयारही झाला बिचारा. दिवसाचे पैसे मिळत होते त्याला."

"अन् पोट्टा म्हणाला, नाही."

"नाही. मेहुणे चिडले. म्हणे, आम्ही पैसे दिलेत, सकाळपासून तू नाही-नाहीच करून राहिला. मग आम्ही आलो कशाला? वहिनी, तेव्हा पहिल्यांदा तो हसला नाही. म्हणाला, 'साहेब, हो म्हणणारा ड्रायव्हर तुमाले स्टँडवर कोणीही भेटन. पाणी कुठं वाढते, वाघ कुठं बसते, पूल कधी बुडते, एवढं सांगाचेच मी पैसे घेतो. देखावा तर फुकटच आहे.' अन् त्या मासेमाराला त्यानं जवळ बोलावलं, म्हटलं तुम्हीच सांगा यांना नदीचं. मग अर्धा तास तो माणूस बोलत होता. कोणत्या पाण्यात कोणता मासा, पूर आला की गाव कुठे हलतं, कोणत्या नदीचं पाणी आधी चढतं. मेहुण्यांनी डोंग्याचे ठरले होते तेवढे पैसे त्याला दिले. हे मात्र मान्य करावं लागेल काका, तुमचे मेहुणे दिलदार."

"पिशवी परत मिळाली का त्याला?"

"कशी मिळणार? परतीचा रस्ता गोंडपिपरीकडून होता. हरणघाट राहिलं तिकडेच."

काका इतके हसले की आतून काकू बाहेर आल्या.

वहिनी विचारात पडल्या होत्या. "मला नंबर द्या त्या पोट्ट्याचा. पण एक आहे. नणंदेचा पोरगा पुण्याला क्लबात पोहायला जातो. मेडलं आहेत त्याची. त्याला आधीच सांगून ठेवते, तिथे बोलू नको बाबा पोहता येतं म्हणून. नाहीतर दिवसभर गाईडच्या मांडीवर."

"उलट, सांगूच द्या त्याला! त्या गाडीत सगळ्यात मोठी काच समोरच्या सीटला आहे. आम्ही सगळे मागे, मान वाकडी करून रानडुकरं शोधत होतो, अन् मोर दिसला, कोल्हा दिसला, सगळं त्या दोन बक्षीसवाल्यांना."

"असं होय? मग मीच सांगते, मला येतं पोहता."

"तुम्हाला वहिनी?"

"विहिरीत शिकले आहे मी, नवरगावला. तुम्ही काय समजून राहिल्या?"