थंडीचे वकीलपत्र

फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत किंवा अमेरिकेतल्या मिशिगनच्या सफरचंदबागांत एप्रिलच्या एखाद्या पहाटे दव गोठले, की दुपारपर्यंत आरोपी ठरलेला असतो. थंडीने घात केला, थंडीने तोंडचा घास पळवला, वगैरे. पंचनामे होतात, मंत्री बांधावर येतात, पण थंडीचे काय म्हणणे आहे हे कोणी विचारत नाही. ते वकीलपत्र मी घेतो. माझे म्हणणे असे की या प्रकरणात थंडी निर्दोष आहे. ती आपल्या गावात, आपल्या ऋतूत, बापजाद्यांपासून चालत आलेल्या वेळेलाच आली होती. त्या मुलखात एप्रिलात पारा शून्याखाली जाण्यात नवल ते काय? खरा उपद्व्याप केलेला असतो तो तीन-चार आठवडे आधी येऊन गेलेल्या उबेने. पण उबेविरुद्ध तक्रार देणार कोण? ती आली तेव्हा सगळे फिर्यादी अर्ध्या चड्डीत अंगणात बसून 'काय छान हवा पडलीय' म्हणत होते.

आता पुरावा. सफरचंदाचे झाड हिवाळ्यात गाढ झोपलेले असताना त्याच्या कळ्यांना उणे वीसचेही काही वाटत नाही. कळीचे टोक जरासे रुपेरी दिसू लागले, की उणे साडेनऊच्या आसपास दहातली एक कळी दगावते. पूर्ण फुललेल्या फुलाला मात्र उणे दोन म्हणजे धोक्याची घंटा, आणि उणे चारला दहातली नऊ फुले गेलीच म्हणून समजा. म्हणजे मार्चच्या आरंभी ज्या थंडीकडे झाडाने ढुंकूनही पाहिले नसते, तीच एप्रिलअखेरीस त्याच्या मुळावर येते. या मधल्या काळात थंडी बदलली का? नाही, झाडाने अंगावरचे पांघरूण फेकले. ते फेकायला लावले कोणी, हे मिशिगनच्या २०१२ सालच्या मार्चमध्ये पाहावे. एरवी बर्फ उपसण्याच्या दिवसांत तिथे पारा पंचविशीच्या पुढे गेला आणि झाडे महिनाभर आधीच फुलोऱ्याच्या तयारीला लागली. मग एप्रिल एप्रिलसारखाच आला आणि राज्यातले जवळजवळ नव्वद टक्के सफरचंद गेले. फ्रान्समध्ये २०२१ साली हेच झाले. मार्चच्या अखेरीस तिथे उन्हाळ्यासारखी हवा होती, वेलींचे डोळे फुटले, आणि ५ ते ८ एप्रिलच्या रात्रींनी बाकीचे काम उरकले. कृषिमंत्र्यांनी ही बहुधा एकविसाव्या शतकातली आजवरची सर्वांत मोठी शेती-आपत्ती असल्याचे सांगितले. मार्चमधल्या त्या सुंदर दिवसांबद्दल कोणत्या मंत्र्याने चिंता व्यक्त केल्याचे मला तरी आठवत नाही.

आणि थंडी येते तीही चोरपावलांनी नव्हे. आभाळ निरभ्र, वाऱ्याचा मागमूस नाही, चांदणे टिपूर, अशी कवींच्या पसंतीची रात्र ती निवडते. ढगांचे पांघरूण नसल्याने जमिनीची ऊब सरळ आकाशात निघून जाते, गार हवा जड म्हणून उतारावरून खाली येऊन खोलगट जागी साचते, आणि दहा-पंधरा मीटर वर हवा चांगली ऊबदार असताना वेलींच्या उंचीला पारा शून्याखाली असतो. मग बागाईतदार मोठाले पंखे लावून वरची हवा खाली ढकलतात, काही जण त्यासाठी हेलिकॉप्टरही फिरवतात. फ्रान्समधल्या शाब्लीच्या द्राक्षमळ्यांत रांगांमधून शेकडो मेणबत्त्या पेटतात. त्याहून विलक्षण म्हणजे काही जण रात्रभर वेलींवर पाणी फवारून त्यांना मुद्दाम बर्फात गुंडाळतात. पाणी गोठताना उष्णता सोडते, त्यामुळे बर्फाच्या आतला कोंब शून्याच्या आसपास तग धरतो. अट एकच, सकाळी बर्फ वितळू लागेपर्यंत फवारा थांबवायचा नाही; मध्येच पंप बंद पडला तर न फवारणारा शेजारी सुखी म्हणायचा. निफाडच्या बागाईतदाराला यात परके काही वाटणार नाही. तोही कडाक्याच्या पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबकने पाणी सोडतो. फरक एवढाच की निफाडची थंडी डिसेंबर-जानेवारीत, सर्वांच्या संमतीने येते.

प्रतिपक्ष म्हणेल, झाड एवढे बावळट कसे? दोन ऊन दिवस आले की लगेच फुलायचे? हा झाडावर अन्याय आहे. सफरचंद हिवाळाभर थंडीचे तास मोजत असते आणि ठरलेला कोटा पुरा होईपर्यंत जानेवारीतल्या कितीही गोड उन्हाला भुलत नाही. पण कोटा एकदा भरला की पुढचा हिशेब फक्त उबेचा. पुढच्या आठवड्याचा अंदाज पाहण्याची सोय झाडाला नाही, आणि ज्यांना आहे ते २ फेब्रुवारीला पेन्सिल्व्हेनियात एका घुशीच्या मोठ्या भावाला बिळातून काढून त्याला सावली दिसली का यावरून हिवाळा अजून किती लांबणार ते ठरवतात. १८८७पासून हा सोहळा चालू आहे आणि अमेरिकेच्या हवामान खात्याच्या हिशेबाने त्याचे भाकीत दहांत चारदा खरे ठरते, म्हणजे नाणे उडवलेले बरे. त्यामानाने फ्रेंच शेतकऱ्यांचे बर्फाळ संत भरवशाचे. ११, १२ आणि १३ मे हे त्या तिघांचे दिवस उलटेपर्यंत नाजूक रोपे बाहेर लावू नयेत, असा तिथला जुना दंडक आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पृथ्वी तापते आहे, तेव्हा थंडी हळूहळू हद्दपार होईल आणि खटलाच निकालात निघेल. शास्त्रज्ञांनी २०२१च्या फ्रान्सचा नेमका हाच हिशेब मांडला. तापमानवाढीमुळे अशा थंड रात्री खरोखरच कमी झाल्या आहेत. पण डोळे त्याहूनही लवकर फुटू लागल्याने फुटलेल्या डोळ्यांवर अशी थंडी पडण्याची शक्यता साधारण ६० टक्क्यांनी वाढली आहे. थंडी कमी, नुकसान जास्त. माझ्या अशिलाच्या निर्दोषत्वाचा याहून चांगला दाखला मला तरी मिळाला नसता.

मग या उबेला जुमानत नाही असे झाड नाहीच का? आहे. रोमन लेखक प्लिनीने तुतीला सर्व झाडांत शहाणी म्हटले, कारण लागवडीच्या झाडांत ती सगळ्यांत शेवटी, थंडी पुरती सरल्यावर फुटते. आणि एकदा ठरवले की एका रात्रीत, म्हणे आवाज करत, सगळी फुटते. पण शहाण्या झाडाला भाव कोण देतो? बाजारात लवकर येणाऱ्या फळाला पैसे जास्त आणि नावाजलेल्या वाइनला तर विचारूच नका. शाब्लीचा प्रदेश थंडीसाठी प्रसिद्ध, आणि तिथे लावलेला वेल शार्दोने, म्हणजे डोळे लवकर फोडण्यात पुढे असलेली जात. दुसरी उशिरा फुटणारी जात लावायला कोणाची ना नाही, फक्त त्या वाइनला शाब्ली म्हणता येत नाही, कायदाच तसा आहे. तेव्हा शार्दोनेच लागते, आणि पुढच्या एप्रिलसाठी मेणबत्त्यांची मागणी नोंदवली जाते.