सरकून घ्या जरा

गाडीत किती माणसं बसतात हे आरसी बुकात लिहिलेलं असतं. कोण कुठे बसणार हे मात्र घरातला मानपान ठरवतो. ड्रायव्हरशेजारची जागा जावयाची. तिथे पाय लांब करता येतात, एसीचा झोत थेट तोंडावर येतो आणि रस्ता चुकला की सल्ला देण्याचा हक्कही मिळतो. खिडकी, 'मला गाडी लागते' असं जो आधी म्हणेल त्याची. आमच्या आत्याला मी लहान असल्यापासून गाडी लागते. खिडकी मिळाली की मात्र ती आंबा घाटाच्या वळणांवरसुद्धा भडंग खाते.

मधली जागा नाही म्हणता न येणाऱ्यांसाठी. 'तू बारीक आहेस, मध्ये बस' हे वाक्य माझं पोट सुटल्यावरही बदललेलं नाही. एंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा दांडा गाडीखालून जात असेल, तर या जागेपुढे पायाशी उंचवटा येतो. मग एक पाय मेव्हण्याच्या हद्दीत, दुसरा काकूच्या. दोघंही अधूनमधून 'सरकून घे जरा' म्हणतात. कुठे, ते सांगत नाहीत.

पूर्वी कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी याबाबतीत दिलदार. गिअर सुकाणूच्या दांड्याला आणि पुढची सीट सलग, त्यामुळे बाबा आणि आजोबांच्या मध्ये एखादं पोर सहज मावायचं. १९८३ साली मारुती ८०० आली, तिच्यात पुढच्या सीटा सुट्या. ते पोर मागे कुणाच्या तरी मांडीवर गेलं. १९९४ मध्ये टाटा सुमो आली आणि सगळं गणगोत एका गाडीत कुलदैवताला निघालं. मागच्या समोरासमोरच्या बाकड्यांवर अनोळखी पाहुण्यांचे गुडघे एकमेकांत असे गुंतायचे, की उतरेपर्यंत एखादी सोयरीक जमून जावी.

आता तिसरी रांगही पुढे तोंड करून बसते. अडचण तिच्या जागेत आहे. मागची चाकं तिथेच, म्हणून खड्ड्याची पहिली खबर तिलाच लागते. तळ उंच आणि छत उतरतं, म्हणून सीट बुटकी आणि गुडघे हनुवटीशी. त्यात चार मीटरच्या आतल्या गाडीला कर कमी, त्यामुळे कंपन्या मिलिमीटर मोजून माणसं बसवतात. रेनॉ ट्रायबर जवळपास ३९९० मिलिमीटर लांब. तेवढ्यात सात जण बसवल्यावर मागे सामानाला उरते ८४ लिटर जागा. शेवटची रांग काढून घरी ठेवली, की तीच ६२५ लिटर होते. म्हणजे हिशेब सरळ आहे: पाहुणे न्या, नाहीतर त्यांच्या बॅगा.

आमच्याकडे दोन्ही नेतात. तिसऱ्या रांगेतल्या साडूच्या मांडीवर आंब्याची पेटी असते आणि वर 'तू मागे मोकळा बसलायस' असं त्याला ऐकवलं जातं.

तेव्हा नवी गाडी बघायला गेलात, तर सुकाणूमागे बसून आरसा नीट करत राहू नका. साडूला शेवटच्या रांगेत बसवा, दार लावून घ्या आणि शोरूमवाल्यांचा चहा सावकाश प्या. बुकिंगचे पैसे भरायचे की नाही, ते साडू बाहेर आल्यावर ठरवा. साडू नसेल, तर मागे स्वतः बसा.