एका खंब्यात किती पव्वे?

चौथीच्या पोरांना लीटरचे मिलिलीटर करता येत नाहीत, अशी ओरड अधूनमधून होत असते. ओरडणाऱ्यांनी एकदा चंद्रपूर-गडचिरोलीकडे यावे. इथल्या पोरांचे मिलिलीटर पक्के आहेत, कच्चा आहे तो लीटर.

धारकतेचा पाठ कृतीतून शिकवा, असा वरून आदेश. मापांचा संच शाळेत नसतो. असलाच तर कपाटात असतो, आणि कपाटाची किल्ली बदली होऊन गेलेल्या गुरुजींकडे. मग नवे गुरुजी सांगतात, "उद्या माप लिहिलेल्या रिकाम्या बाटल्या आणा रे." दुसऱ्या दिवशी टेबलावर एक बाटली खोकल्याच्या औषधाची, १०० मिलीची. एक पाण्याची, लीटरची, बूड चेपलेली. बाकी साऱ्या चपट्या, ९० नि १८० च्या, लेबले नखाने खरवडलेली. आणि जिल्हा कोरडा! गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे.

गुरुजी फळ्यावर लिहितात, चार पाव म्हणजे एक लीटर. मागच्या बाकावरून हात वर येतो.

"नाही जी सर. चार पव्वे म्हणजे सातशे वीस. खंब्यात तीस मिली अजून उरते."

हजेरीपटात ज्याच्यापुढे 'अप्रगत' लिहिले आहे, त्याने एका दमात गुणाकार केला, वजाबाकी केली आणि बाकीही सांगितली. पुस्तकातला पाव २५० मिलीचा, त्याच्या ओळखीचा १८० चा. तपासणीला आलेल्या साहेबांनी चूक कोणाची धरावी? तीस मिलीचा हिशेब त्यांनाही पाठ असतो, फक्त ते त्याला पेग म्हणतात.

पूरक वाचनाची सोय वर्तमानपत्रे करतात. आठवड्याला एक तरी बातमी असतेच: अमुक रस्त्यावर गाडी पकडली, देशीच्या इतक्या पेट्या, पेटीत ९० मिलीच्या १०० निपा. पेटीत किती लीटर? नऊ. इतके नेटके शाब्दिक उदाहरण पुस्तक लिहिणाऱ्यांना सुचलेले नाही.

चंद्रपुरात बंदी आली १ एप्रिल २०१५ ला. ती कोणा साहेबाने प्रेमाने दिली नव्हती. बायांनी मोर्चे काढून, चिमूरहून नागपूरपर्यंत पायी जाऊन ती मागून घेतली होती. त्यांचे गणित सोपे होते: मजुरी वजा पव्वा. हे गणित सरकारला सहा वर्षांत सुटले नाही, म्हणून २०२१ मध्ये बंदी उठवून ते अभ्यासक्रमातूनच काढून टाकले. त्याच वर्षी केंद्राने पायाभूत संख्याज्ञानासाठी 'निपुण भारत' सुरू केले. म्हणजे निप आणि निपुण जिल्ह्यात एकदमच आले. निप गावोगाव पोहोचली, निपुणची प्रशिक्षणे चालू आहेत.

मोठ्या मापांचे मात्र सगळ्यांचेच वांधे. वैनगंगेला पूर आला की बातमीत क्युसेक, धरणात दलघमी, आणि सिरोंच्यापलीकडे तेलंगणाच्या बॅरेजमध्ये टीएमसी. एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लीटर, हे किती पालकांना सांगता येईल? ज्या गोसेखुर्दचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले, त्याचे पाणी ऑगस्ट २०२० मध्ये ब्रह्मपुरी-वडशाकडच्या घरांत शिरले, तेव्हा लोकांनी ते दलघमीत मोजले नाही. कुठे गुडघाभर, कुठे कमरेएवढे, असे मोजले. त्या मापाचे रूपांतर पंचनाम्यात कसे करायचे, हे अजून कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

तेव्हा शिक्षण विभागाला विनंती. एक लीटर, अर्धा लीटर, पाव लीटर आणि १०० मिलीची मापे प्रत्येक शाळेला द्या, कपाटाच्या किल्लीसकट. आणि ती येईपर्यंत, बाटल्या धुऊन घ्यायला गुरुजींना साबण तरी मंजूर करा.