गृहशाळेचा हजेरीपट

मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवावे असा निश्चय आम्ही उभयतांनी केला, तेव्हा सकाळी सावकाश उठणारी, उन्हाच्या कवडशात पुस्तक उघडून बसणारी आणि पावसाळी दुपारी गॅलरीतल्या गोगलगाईचा जीवनक्रम न्याहाळणारी दोन तृप्त बालके माझ्या डोळ्यांपुढे होती; ती बालके कोथरूडच्या आमच्या घरात पुढे क्वचितच दृष्टीस पडली, कारण घरी शिकणारी मुले घरी नसतात, हा या शिक्षणपद्धतीचा आद्य सिद्धान्त आहे.

"पोरं एकलकोंडी होतील हो," असे भाकीत माझ्या आत्याने वर्तवले, आणि ते खोटे पाडण्याच्या भरात आमच्या सौभाग्यवतींनी सोमवारी व गुरुवारी तबला, मंगळवारी मल्लखांब, बुधवारी समदुःखी कुटुंबांसह पर्वतीवर पक्षिनिरीक्षण आणि शुक्रवारी पोहणे अशी जी चोख तजवीज केली, तीत एकांताला मोकळी जागा म्हणून केवळ स्नानगृह उरले. अध्ययनाचे म्हणाल, तर ते स्कूटरवर होते. दहा मात्रांचा झपताल आणि सोळा मात्रांचा त्रिताल एकदमच सुरू केले तर पुन्हा एकाच समेवर केव्हा येतील, हा प्रश्न कन्येने नळस्टॉपच्या सिग्नलला माझ्या पाठीवर बोटे वाजवीत सोडवला. उत्तर ऐंशी आले. सिग्नल मात्र त्याआधीच सुटला होता आणि मागच्या रिक्षावाल्याने आमचा लघुतम साधारण विभाज्य फार मोठ्या आवाजात काढला.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक सेवानिवृत्त अव्वल कारकून राहतात. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा २००९ सालचा कायदा त्यांना कलमवार मुखोद्गत असल्याने, जिन्यात गाठ पडताच ते माझी रीतसर जबानी घेतात. एकदा मी पंडिता रमाबाईंचा दाखला पुढे केला: आईवडिलांनी त्यांना स्वतःच संस्कृत शिकवले, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितसभेने त्यांना 'सरस्वती' ही पदवी अर्पण केली. काका क्षणभर निरुत्तर झाले, मग म्हणाले, "त्यांच्या आईवडिलांनी रानात बिऱ्हाड केलं होतं, म्हणून जमलं. इथं गणपतीची वर्गणी कोण गोळा करणार?" आणि दुसऱ्याच क्षणी पावतीपुस्तक माझ्या चिरंजीवांच्या हाती आले.

तेव्हापासून 'तुम्हांला काय, शाळा नाही' हे वाक्य आमच्या इमारतीत हुकूमनाम्यासारखे चालते. कोणाचा गॅस सिलिंडर उतरवून घ्यावा, कोणाच्या आजोबांना दवाखान्यात न्यावे, मंडपाच्या बांबूंची मोजदाद ठेवावी, अथर्वशीर्षाच्या तालमीला सतरंज्या घालाव्यात, ही सारी खाती आमच्या मुलांकडे विनावेतन वर्ग झाली. चिरंजीवांनी बेरीज वर्गणीच्या पावत्यांवर आणि वजाबाकी 'पुढच्या महिन्यात देतो' म्हणणाऱ्यांच्या यादीवर उत्तम साधली. आत्याचे भाकीत इतके सपशेल खोटे ठरले की, चार दिवस तरी मुले एकलकोंडी व्हावीत, असा नवस बोलण्याचे माझ्या मनात येऊ लागले.

तो योग जुलैत आला. मुसळधार पावसामुळे जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी जाहीर केली, तबल्यापासून तलावापर्यंत सर्व काही बंद झाले, आणि आता गोगलगाय व आम्ही चौघे, अशा कृतार्थ भावनेने मी चहाचा पेला उचलतो तोच दाराची घंटा वाजली. "आज शाळेला सुट्टी आहे नि आम्हांला कामावर जायचंय, तुमच्याकडे नाहीतरी शाळा असतेच!" एवढा खुलासा देऊन एकेका शेजाऱ्याने आपापले अपत्य डब्यासकट आमच्या स्वाधीन केले. दहा वाजेपर्यंत दिवाणखान्यात अठरा विद्यार्थी जमले. पत्नीने निमूटपणे वही उघडून हजेरी घेतली.

दोन विद्यार्थी गैरहजर निघाले. खिडकीतून पाहिले, तो आमची दोन्ही रत्ने खाली डबक्याकाठी, भर पावसात, एका गोगलगाईवर छत्री धरून बसली होती.