30 एप्रिलच्या फाट्यावर

‘दिनविशेष’ हा मराठी माणसाला मिळणारा सगळ्यात स्वस्त इतिहास. पूर्वी तो शाळेच्या फळ्यावर खडूने लिहिलेला असे, आता पहाटे मोबाइलवर गुलाबाच्या फुलासकट येतो. 30 एप्रिल घ्या. नांदगाव पेठेच्या माणसाला ही तारीख सांगावी लागत नाही. त्याच्याच अमरावती तालुक्यातल्या यावलीत 1909 साली या दिवशी माणिक नावाचं पोर जन्मलं आणि पुढे त्याचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज झाले. भक्त हा दिवस ग्रामजयंती म्हणून पाळतात. पण दिनविशेषात महाराज एकटे नसतात. शेजारी 1870 साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके, त्यापलीकडे 1777 चा जर्मन गणिती गाउस, आणि आपल्या नागपुरात 1987 साली जन्मलेला रोहित शर्मा. कोपऱ्यात हिटलर, ज्याने 1945 साली याच दिवशी बर्लिनच्या तळघरात स्वतःचा निकाल लावला. त्यातच युनेस्कोने 2011 साली ठरवून टाकलं की 30 एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जाझ दिन. महाराजांच्या खंजिरीच्या वाटणीला सॅक्सोफोन आला! हे सगळं वाचून माणूस मान डोलावतो आणि म्हणतो, या दिवसातच काहीतरी आहे, राजेहो.

माझं म्हणणं असं, की दिवसात काही नाही. तारीख हा नुसता फाटा आहे. नांदगाव पेठेवरून नागपूरचा महामार्ग जातो, मोर्शी-वरूडकडचा रस्ताही इथूनच फुटतो. टपरीवर एकाच वेळी संत्र्याच्या ट्रकचा ड्रायव्हर, बँकेचा साहेब आणि वरात चुकलेला नवरदेवाचा मामा चहा पीत उभे असतात, म्हणून कोणी त्यांची सोयरीक लावत नाही. वर्षात असे फाटे फक्त 365, लीप वर्षात एक जास्त, आणि उतरणारे अब्जावधी. गर्दी होणारच. गणित तर याहून निर्दय आहे. कोणतीही 23 माणसं एकत्र केली, तर त्यांतल्या निदान दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त भरते. 23 म्हणजे मैदानावरचे दोन संघ आणि एक पंच. दुसरा पंच पाणी प्यायला गेला असं समजा. शिवाय दिनविशेष लिहिणारा गाउस उचलतो, पण त्याच दिवशी जर्मनीत जन्मलेले शेकडो सुतार-लोहार आणि दर 30 एप्रिलला वऱ्हाडात जन्मणारी, पुढे ना संत ना सलामीवीर झालेली पोरं गाळतो. चाळणीतून फक्त काजू घ्यायचे आणि शिऱ्यात काजूच काजू म्हणून चकित व्हायचं, यातली ही गत.

यावर हुशार माणूस आक्षेप घेतो. फाळक्यांनी पडद्यावरून, महाराजांनी भजनातून, दोघांनीही अडाणी माणसाला कळेल अशाच भाषेत सांगितलं. हे साम्य नव्हे काय? साम्य आहेच. पण मग हिटलरचं काय करायचं, असं विचारलं की उत्तर तयार असतं: तो त्या दिवशी गेला, म्हणूनच तर दिवस शुभ! जन्मला तो दिवसाच्या पुण्याईने, मेला तोही दिवसाच्याच पुण्याईने. ज्या सिद्धान्ताला हरताच येत नाही, त्याला जिंकण्याचं बक्षीस देऊ नये. फळा लिहिणाऱ्या गुरुजींची अडचण मात्र खरी आहे. जन्म असेल तर ‘जयंती’, मृत्यू असेल तर ‘पुण्यतिथी’, हा त्यांचा साचा. हिटलरच्या बाबतीत त्यात पुण्यही बसत नाही आणि तिथीही.

त्याहून गमतीची गोष्ट अशी, की ही तारीख तरी मुळात कोणी नोंदवून ठेवलेली असते? गाउसच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. पोर बुधवारी झालं, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाआधी आठ दिवस, एवढंच तिला आठवत होतं, असं सांगतात. तो सण ईस्टरवरून ठरतो आणि ईस्टर चंद्रावरून. मुलाने मोठेपणी ईस्टर काढायचं गणितच रचलं आणि आपला 30 एप्रिल शोधून काढला. वऱ्हाडातल्या आयाही हेच सांगत आल्या: “आखाजीच्या आदल्या रोजी झाला, त्या साली लय पानी आलं होतं.” फरक इतकाच, की इथे चंद्राचं गणित न मांडता शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी टाक उचलला आणि 1 जून लिहून टाकला. म्हणून 31 मेला सरकारी कचेऱ्यांत निवृत्तीच्या निरोप समारंभांची रांग लागते आणि शाल-श्रीफळ विकणाऱ्याची दिवाळी होते. एस.टी.चा जन्मही 1 जूनचा, 1948 चा. तिची पहिली गाडी पुण्याहून नगरला खरोखरच त्या दिवशी सुटली. पण तिचंही नाव हेडमास्तरांनीच घातलं असेल, अशी शंका येते खरी.

“मंग जयंती साजरी कायले करा लागते, भाऊ?” हा आक्षेप सगळ्यात जड. उत्तर साधं आहे: हजार माणसांना एका जागी जमायचं तर दिवस ठरवावाच लागतो. बाजाराचा वार ठरवतो तसा. बुधवारात गुण आहे म्हणून कोणी बुधवारी वांगी विकत नाही. गिऱ्हाईक त्या दिवशी येतं म्हणून विकतो. दिवस पवित्र नसतो, जमणं मोलाचं असतं, आणि दिवस कोणत्या पद्धतीने मोजायचा हेही लोक सोयीने ठरवतात. महाराजांचाच दाखला घ्या. जन्म पाळायचा इंग्रजी तारखेने, 30 एप्रिलला. निर्वाण झालं 11 ऑक्टोबर 1968 ला, पण ते पाळायचं पंचांगाने, आश्विन वद्य पंचमीला. आगमन एका कॅलेंडराने, प्रस्थान दुसऱ्या. यात कोणालाही विसंगती वाटत नाही, आणि वाटूही नये. नांदगाव पेठेहून त्याच महामार्गाने नागपूरच्या दिशेने गेलं की महाराजांच्या आश्रमाची गुरुकुंज मोझरी लागते. पंचमी ऑक्टोबरात येवो की नोव्हेंबरात, तिथे हजारो माणसं दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी मौन पाळतात, आणि त्या वेळी कोणी विचारत नाही, की आज तारीख किती.