सुरी तालुका पाहून घ्यावी

खिशात रोज बाळगायची घडीची सुरी किंवा मल्टिटूल घेताना माणसं कॅटलॉग पाहतात, किंमत पाहतात, फार तर बायकोचा चेहरा पाहतात. माझं म्हणणं असं की आधी तालुका पाहावा. सुरी कापायला असते, एवढं तरी आपल्याला मान्य असावं. मग आपल्या भागात दिवसभरात कापावं काय लागतं, हा पहिला प्रश्न. जळगाव-धुळ्यापुरतं त्याचं उत्तर सुरीच्या शौकिनांना जरा अपमानास्पद वाटेल असं आहे.

आता हेच पाहा. जळगाव जिल्ह्याचं नाव ज्या फळामुळे देशभर झालं आणि ज्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते केळं. म्हणजे फळांमधले असे एकमेव गृहस्थ, की ज्यांना सोलायला नखसुद्धा धड लागत नाही. रावेर-यावलच्या बागांत घड उतरवायला हत्यार लागतं खरं, पण ते मजुराच्या हातात असतं, खिशात मावत नाही. दुसरी ख्याती भरताची. बामणोदकडचं ते लांबोळकं हिरवं वांगं पऱ्हाट्यांच्या जाळावर अख्खं भाजतात, चटके खात हातानं सोलतात आणि लाकडी भांड्यात ठेचतात. सोबतचा कांदा बुक्कीनं फोडायचा; तो कुणी चकत्या करून मांडला तर पंगतीत हा पाहुणा पुण्याचा, हे न विचारता कळतं. कळण्याची भाकरी हातानं मोडायची, शेवभाजीतली शेव दुकानातूनच तुकडे होऊन येते. 33 कामं करणारी सुरी घेऊन एखादा स्वित्झर्लंडचा सैनिक हिवाळ्यात आपल्याकडे भरीत पार्टीला आला, तर त्या सगळ्या फौजफाट्यातली फक्त दातकोरणी कामी येईल, आणि तीही जेवण झाल्यावर.

त्या सैनिकाची मात्र टिंगल करू नये, कारण त्याची सुरी त्याच्या तालुक्याला धरूनच झाली होती. कार्ल एल्सनर या कारागिरानं 1891 मध्ये स्विस सैन्याला सुऱ्या पुरवल्या. त्यात पातं होतं, डबा फोडायचं हत्यार होतं आणि बंदूक खोलण्यासाठी पेचकस होता. शिपायाला डब्यातलं खायचं होतं आणि बंदूक स्वतःच साफ करायची होती, इतका साधा हिशेब. 1897 मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या सुरीत बूच काढायचा स्क्रू आला. अधिकाऱ्यांच्या गरजा कुठल्याही सैन्यात निराळ्या. पुढे टिम लेदरमन हा अमेरिकन 1975 मध्ये जुनी मोटार घेऊन युरोपात हिंडला. मोटार दुरुस्त करताना खिशातल्या सुरीला पक्कड नाही, याची त्याला इतकी चीड आली की पुढची कित्येक वर्षं त्यानं पक्कड असलेलं हत्यार बनवण्यात घालवली, आणि 1983 मध्ये ते विकायला काढलं. म्हणजे यातलं प्रत्येक हत्यार कुणाच्या तरी तक्रारीतून जन्मलेलं आहे. आपण जाऊन दुसऱ्याची तक्रार विकत घेतो, एवढंच आपलं चुकतं. माशाचे खवले काढायची पट्टी घेऊन धुळ्यात हिंडणाऱ्यानं आधी पांझरेत पाणी येण्याची वाट पाहावी, मग पाण्यात मासा येण्याची, आणि मग खवल्यांचा विचार करावा.

मग खान्देशात सुरी बाळगूच नये का? बाळगावी, जरूर बाळगावी. फक्त इथली कामं बारीक आहेत. पहिलं गोणीची शिवण. खताच्या किंवा ढेपेच्या गोणीचं तोंड ज्या दोऱ्यानं शिवतात, त्याचं बरोबर टोक सापडलं तर अख्खी शिवण एका ओढीत सर्रकन उसवते. चुकीचं टोक ओढलं तर गाठ बसते, आणि मग शेजारी उभा असलेला प्रत्येक जण सल्ला देतो. तिथं इवलीशी कात्री हवी. दुसरं ठिबक. ठिबकवाल्या जैन हिल्सच्या जिल्ह्यात 16 मिलिमीटरची नळी कधी कुठं फुटेल सांगता येत नाही. फुटलेला तुकडा काढून जोड बसवायचा तर काप सरळ हवा, तिरपा झाला की जोडातून पिचकारी सुटते. त्यालाही अंगठ्याएवढं पातं पुरतं. तिसरं, आणि माझ्या मते सर्वांत मोठं, बाभळीचा काटा. त्याच्यापुढे पातं, पक्कड, करवत सगळे हात टेकतात. तिथं चिमटा लागतो. उरलेली कामं दुधाची पिशवी आणि कुरियरचं खोकं, जी आपण अनुक्रमे दातांनी आणि स्कूटरच्या किल्लीनं उरकतो. त्यात दात आणि किल्ली दोन्ही झिजतात, आणि दोन्ही नवीन करायला खर्च येतो.

म्हणून माझी शिफारस 58 मिलिमीटरच्या, वीसेक ग्रॅम वजनाच्या चिमुकल्या सुरीची: एक पातं, कात्री, कानस, चिमटा, दातकोरणी. पक्कडवाली मोठी हत्यारं पाव किलोच्या घरात जातात. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा पाव किलो पोलाद मांडीला लावून हिंडणं हे व्रतवैकल्यात मोडतं. शिवाय ही चिमुकली आपल्याला परकी नाही. जुनी माणसं करदोड्याला एक कडी अडकवत. तिच्यात कपाटाची किल्ली, कानकोरणं, दातकोरणं आणि काटा काढायचा चिमटा. स्विस कारखान्यानं त्याला कात्री जोडली आणि वर लाल कवच चढवलं, एवढाच फरक. बायकांनी तर बांगडीत सेफ्टी पिना अडकवून हा सगळा प्रश्न कधीच निकालात काढला आहे, तोही कॅटलॉग न उघडता.

यावर कुणी म्हणेल, सुरी म्हटलं की पोलीस आले. रास्त शंका आहे. शस्त्र नियमांचा रोख 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यावर आहे, आणि घरकाम-शेतीकामाची हत्यारं त्यातूनही वगळलेली आहेत. पण सणासुदीला आणि निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो. त्यात सुऱ्यांबरोबर काठ्या-लाठ्याही येतात, आणि तिथं मोजपट्टी घेऊन वाद घालण्यात शहाणपण नाही; तेवढे दिवस सुरी घरी ठेवावी. एरवी हटकलंच, तर आधी कात्री उघडून दाखवावी. कात्री पाहून कुणाला गुंड आठवत नाही, शिंपी आठवतो.

दुसरा आक्षेप असा, की एवढ्याशा खेळण्याला चारचौघांत मान नाही. धुळ्याच्या बाजारात ती काढली तर कुणीतरी ‘हाई काय शे भो?’ असं विचारणारच. विचारू द्यावं. त्याच माणसाच्या पायात काटा मोडला की तो चिमटा मागायला येतो आणि परत द्यायला विसरतो. मोठं हत्यार मात्र लोक मागतही नाहीत, नुसतं हातात घेऊन उघडझाप करतात आणि किंमत विचारतात. आणि खरंच करवत, पक्कड, हातोडी रोज लागत असेल, तर तुम्हाला मल्टिटूलची नव्हे, हत्यारांच्या पेटीची गरज आहे. ती घ्या आणि गाडीत ठेवा.

तेव्हा घ्यायचीच तर लहान घ्या, कात्री-चिमटा असलेली घ्या आणि किल्लीच्या कडीत अडकवा. फक्त विमानानं किंवा कोर्टाच्या तारखेला जाणार असाल, तर आदल्या रात्रीच ती कडीतून काढून ठेवा.