सलग

आमचा भाचा सातवीत आहे. परवा वही घेऊन आला नि म्हणाला, "मामा, कंटिग्युअस म्हंजे काय वो?"

मामाला सगळं येतं असा त्याचा समज आहे. तो मी अजून मोडलेला नाही. म्हटलं, "सलग. मधे फट नाही, एकाला एक लागून."

"म्हंजे अटॅच्ड?"

इथं मी दचकलो. एका तीर्थक्षेत्री लॉजवाल्यानं मला 'अटॅच्ड' खोली दिली होती. पहाटे बघतो तर बाथरूम व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला. टॉवेल गुंडाळून जाब विचारला, तर तो शांतपणे म्हणाला, "अटॅच्डच आहे की साहेब. छप्पर एकच आहे."

तेव्हा भाच्याला नीट समजावलं. अटॅच्डमध्ये एक मोठा नि दुसरा त्याला चिकटलेला. बाथरूम खोलीला अटॅच्ड असतं, खोली बाथरूमला नसते. घरजावई अटॅच्ड. कंटिग्युअसमध्ये मात्र दोघंही बरोबरीचे, मधे सामाईक बांध. आणि बांध सामाईक म्हटला की कोर्टकचेरी आलीच.

"उदाहरण सांगा."

"आपली दुधनी. आपण महाराष्ट्रात, आणि लागूनच कर्नाटक."

'सलग' या एका शब्दानं आमच्या भागात जेवढे कागद खाल्ले, तेवढे वाळवीनंही खाल्ले नसतील. आंध्र-मद्रासची सीमा ठरवताना पाटसकरांनी खेडं हा घटक, भाषिक बहुमत आणि भौगोलिक सलगता धरली होती. कर्नाटकाशी असलेल्या सीमाप्रश्नात महाराष्ट्र तेच सूत्र मागत आला. पण 1966 साली नेमलेल्या महाजन आयोगानं पुढच्याच वर्षी बेळगाव तिकडेच ठेवलं आणि वर आमचा अक्कलकोट तालुकाही तिकडे द्यायची शिफारस केली. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला म्हणून बरं. नाहीतर आमचं बिऱ्हाड चूलही न हलवता परराज्यात गेलं असतं. 2004 पासून हा बांध सुप्रीम कोर्टात आहे.

इकडे आमच्या बाजारात तुरीचा सौदा कन्नडमध्ये सुरू होतो, मराठीत ठरतो, आणि शिव्या ज्या भाषेत जोरकस बसतील त्या भाषेत दिल्या जातात. घरात आजी नातवाला कन्नडमध्ये रागावते नि मराठीत जेवायला वाढते. फट कुठं आहे ते अजून कुणी दाखवलेलं नाही.

फट पडते ती फक्त बाहेरच्यांना. पुण्याच्या एका पाहुण्यानं स्टेशनवर उतरून आमच्या घराचा पत्ता विचारला. "इल्ले, हत्तिर," असं उत्तर मिळालं. बिचारा अर्धा तास हत्ती असलेलं घर शोधत होता.

कन्नडमध्ये हत्तिर म्हणजे जवळ. पण आमच्याकडचं जवळ सलग असेलच असं नाही. तेव्हा दुधनीला जरूर या, आणि कुणी हत्तिर म्हणालं तर सोंड शोधू नका. सरळ रिक्षा करा.